पेठ सर्वांची, दुकान ज्याचे त्याचे

खामगावच्या सराफ्यात चांदीची भांडी घेण्यास आलेले गिऱ्हाईक एका दुकानाची पायरी उतरून शेजारच्या दुकानाची पायरी चढते, तेथे समईचे वजन पाहते, घडणावळ विचारते, दोन्हीकडचा भाव मनाशी ताडून पुन्हा पहिल्या दुकानी येते. आणि या येरझारांत काही विपरीत घडत आहे असे कोणत्याही दुकानदारास वाटत नाही. एकाच जिनसाचे व्यापारी एकमेकांपासून दूर जाऊन बसण्याऐवजी भिंतीला भिंत लावून का बसतात, याचे उत्तर त्या पायऱ्यांवरच मिळते. गिऱ्हाईक आधी पेठेत येते आणि मग दुकानाकडे वळते; जेथे एकच दुकान असते तेथे निवडीला वाव नसतो, भावाची खातरजमा होत नाही, आणि म्हणून परगावचा मनुष्य तेथवर येण्याचे श्रम सहसा घेत नाही. अर्थात शेजारचा प्रतिस्पर्धी आपल्या गिऱ्हाइकांतील काही जण नेत असला, तरी मुळात त्यांना या गल्लीपर्यंत आणण्याच्या कामी त्याचाही वाटा असतो. कोणताही करारनामा होण्यापूर्वीच, केवळ शेजाराने, प्रतिस्पर्धी एकमेकांचे सहकारी झालेले असतात.

हे अबोल सहकार्य जाणीवपूर्वक, नियमबद्ध आणि हिशेबी कसे करता येईल, पूर्वी ते कोणत्या रूपांनी झाले, कोठे फळाला आले आणि कोठे नासले, याचा आढावा बुलढाणा जिल्ह्याच्या बाजाराला मध्यवर्ती धरून घेण्याचा येथे विचार आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, कापसाच्या पेठेपासून पतसंस्थेच्या वखारीपर्यंत या प्रश्नाच्या बहुतेक बाजू याच भूमीत अनुभवास आल्या आहेत, आणि यशाबरोबर अपयशाचाही पाठ येथे मिळाला आहे.

विषय नवा नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची जी अठरा पदे गणली, त्यांत 'संभूयसमुत्थान' हे एक स्वतंत्र पद आहे; अनेकांनी एकत्र येऊन उद्योग आरंभिला असता नफा-नुकसान कसे वाटावे आणि कसुराची जबाबदारी कोणाच्या शिरी बसावी, याचा विचार त्यात येतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या एका शिलालेखात, क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवल्याची नोंद आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून २० भिक्षूंच्या वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण वर्षाला मिळावयाचे होते, आणि गणित मांडून पाहिले तर वर्षाचे २४० कार्षापण बरोबर जुळतात. एकाच गावचे, एकाच प्रकारचा माल विणणारे, म्हणजे उघडच एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले कारागीर एकत्र बांधले गेल्यावर त्यांची पत एवढी वाढली की, राजकुलाने आपली अक्षय ठेव त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपविली. हे एकट्या कोष्ट्याच्या वाट्याला आले नसते.

परंतु त्याच 'संभूय' शब्दाची दुसरी बाजूही आपल्या पूर्वजांनी ओळखली होती. व्यापाऱ्यांनी संभूय, म्हणजे संगनमत करून, माल अडवून धरला आणि अनुचित भावाने विकला अथवा घेतला, तर त्यांस सहस्र पणांचा दंड करावा, असे कौटिलीय अर्थशास्त्र सांगते. याज्ञवल्क्य स्मृतीतही याच आशयाची आज्ञा आहे. एकत्र येणे एकच, पण एका ठिकाणी त्याला संरक्षण आणि दुसऱ्या ठिकाणी दंड. हा भेद कशावरून करावा? माझ्या मते कसोटी एकच आहे: या एकोप्याने तिसऱ्याचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे आणि माल आणणाऱ्या रयतेचे, बरे होते की वाईट. पुढील सर्व उदाहरणे मी याच कसोटीवर घासून पाहणार आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आला, आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे लक्ष लागले. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून गेला. खामगाव मात्र बाजूला राहिले. तथापि तेथील कापसाची उलाढाल एवढी मोठी होती की, १८७० साली जलंबपासून खामगावापर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा स्वतंत्र फाटा घालण्यात आला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या प्रसंगी जातीने उपस्थित राहिले. (खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, १९०५ साली ते बुलढाण्यास जोडले गेले.) येथील कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून पडलेल्या 'उमरा' या नावाने विकला जाई. गाठ खामगावच्या व्यापाऱ्याची असो की मलकापूरच्या, तिच्यावर भाव मिळे तो या सामाईक नावाला. आणि म्हणून एका इसमाने रुईत पाणी मारले किंवा हलका कापूस मिसळला, तर त्याचा भुर्दंड कधी न पाहिलेल्या शेकडो प्रामाणिक व्यापाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या माथी बसे. नावलौकिक ही विहिरीसारखी सामाईक मालमत्ता आहे. पाणी प्रत्येकाने आपापले शेंदावे, पण काठ सर्वांनी मिळूनच बांधावा लागतो.

हा काठ बांधण्याचे प्रयत्नही वऱ्हाडातच प्रथम झाले. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथील कापसाचा बाजार नियंत्रित झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. देशातील बाजार समित्यांचा हा आरंभ होय. बाजाराची जागा ठरली, अडते, दलाल आणि मापारी यांना परवाने घेणे आले, अडत व हमालीचे दर बांधले गेले, आणि या सर्वांवर देखरेख करणाऱ्या समितीत खुद्द व्यापारीच बसले. आवारात जे एकमेकांविरुद्ध बोली चढवितात, तेच समितीच्या बैठकीत एकाच वजनमापाचा आग्रह धरतात, ही घटना थोडी विचार करण्याजोगी आहे; कारण खोटे माप वापरणाऱ्या एकट्याचा लाभ होतो, पण अशा बाजाराकडे शेतकऱ्याची गाडी पुढच्या हंगामात वळत नाही, हे सर्वांनाच कळत होते. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली याची खूण सक्तीची केली, आणि सामाईक नावाआड दडणाऱ्या भेसळखोरास हुडकून काढण्याची सोय झाली. तथापि या व्यवस्थेतील उणीवही सांगितली पाहिजे: समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले आणि ज्याचा माल तेथे विकला जाई त्या शेतकऱ्यास दीर्घकाळ पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही, १९२८ साली शाही कृषी आयोगाने या दोषावर बोट ठेवले होते. तिसऱ्याच्या हिताचा नियम केला, पण त्या तिसऱ्यालाच बैठकीबाहेर ठेवले, तर नियम हळूहळू आतल्यांच्या सोयीकडे कलतो.

याच भूमीतील दुसरे उदाहरण इशाऱ्याचे आहे. कापसाच्या तेजीत जिनिंगचे आणि प्रेसिंगचे कारखाने गरजेपेक्षा कितीतरी अधिक उभे राहिले, आणि परस्परांच्या चढाओढीत सरकी काढण्याचे व गाठ बांधण्याचे दर उतरू लागताच मालकांनी 'पूल' नावाची व्यवस्था काढली. सर्वांनी मिळून एक दर ठरवावयाचा, काही कारखाने चालवावयाचे, काही बंद ठेवावयाचे, आणि बंद कारखान्याच्या मालकालाही ठरलेल्या हिश्शाने नफा पोचवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. परिणाम असा झाला की, मजुरीचा चढा दर शेवटी कापसाच्या भावातून शेतकऱ्याच्याच अंगावर पडला. आणि त्याहून अनिष्ट गोष्ट म्हणजे, चालविण्याचा मानस नसताना केवळ पुलात हिस्सा मिळावा म्हणून नवे कारखाने उभारण्याचा मोह उत्पन्न झाला. जे यंत्र एका बोंडाचीही सरकी काढत नाही, त्याला मिळणारा नफा कोणाच्या तरी घामातूनच येत असला पाहिजे. ज्या एकोप्याने काम वाढत नाही, माल सुधारत नाही आणि फक्त भाव चढतो, तो एकोपा समाजाला महाग पडतो.

सहकारी चळवळीने या प्रश्नाला निराळे वळण दिले. १९०४ व १९१२ चे कायदे, आणि राज्यनिर्मितीनंतर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, यांमुळे लहान माणसांना एकत्र येण्यासाठी कायदेशीर देह मिळाला. या चळवळीचा विस्तृत इतिहास येथे अप्रस्तुत आहे. लहान व्यावसायिकाला तिच्यातून जे घेण्याजोगे आहे तेवढेच पाहू. बुलढाणा येथे १९८६ साली स्थापन झालेली 'बुलडाणा अर्बन' ही सहकारी पतसंस्था पुढे बहुराज्यीय झाली आणि देशातील मोठ्या पतसंस्थांत गणली जाऊ लागली. तिच्या कार्यापैकी वखारी आणि वखारीतील मालाच्या तारणावर मिळणारे कर्ज हा भाग आपल्या विषयाशी निगडित आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांचा हंगाम आला की सर्वांचा माल एकाच पंधरवड्यात बाजारात येतो, भाव पडतो, आणि ज्याच्या घरी आजची नड आहे त्याला पडत्या भावात विकण्यावाचून गत्यंतर नसते. माल वखारीत ठेवून त्याच्या पावतीवर रक्कम उचलता आली, तर विकण्याची वेळ त्याच्या हाती राहते. अशी वखार एकट्या छोट्या व्यापाऱ्यास किंवा शेतकऱ्यास बांधणे अशक्य. पण एकाच छपराखाली दहा प्रतिस्पर्ध्यांची पोती निरनिराळ्या थप्प्यांनी राहू शकतात. पोते ज्याचे त्याचे, छप्पर सर्वांचे: सामाईक साधनाचे याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

वखारीचे जे तत्त्व, तेच यंत्राचे. धान्य स्वच्छ करून त्याची प्रतवारी लावणारे यंत्र, डाळ भरडण्याची गिरणी, तेलाची तपासणी करण्याची प्रयोगशाळा, धातूची शुद्धता पाहण्याचे उपकरण, या गोष्टी लहान उद्योजकाने स्वतंत्रपणे घेतल्या तर वर्षातील बराच काळ त्या धूळ खात पडतात आणि कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला उभा राहतो. केंद्र व राज्य सरकारांच्या समूह विकासाच्या योजनांत 'सामाईक सुविधा केंद्र' ही कल्पना याच अनुभवातून आली आहे. एका परिसरातील, एका धंद्यातील उद्योजकांनी मिळून एक संस्था नोंदवावी, तिने यंत्र घ्यावे आणि प्रत्येकाने वापरापुरते भाडे द्यावे. आपल्या रयतेला हे शिकविण्याची आवश्यकता नाही. एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याची सावड, आणि गावच्या बैलजोड्या एकत्र करून एकेकाचे शेत नांगरण्याची इर्जिक, या आपल्याच पद्धती आहेत. परंतु सावडीत जो कलह होतो तोच येथेही होतो: पाऊस उघडल्यावर पहिली पाळी कोणाची? सामाईक यंत्राची बहुतेक भांडणे पैशावरून सुरू होत नाहीत, पाळीवरून होतात; हंगामाच्या ऐन आठवड्यात कोणाचा माल आधी लागणार, आणि पट्टा तुटला तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खाती पडणार, हे यंत्र येण्यापूर्वी लिहून न ठेविलेल्या संस्था फार काळ टिकत नाहीत.

यानंतर नावाचा प्रश्न. शेगावची कचोरी विसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वे स्थानकाच्या आश्रयाने वाढली आणि गजानन महाराजांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंनी तिचे नाव महाराष्ट्रभर नेले. आज त्या नावाची पाटी इतर शहरांतही दिसते. खामगावच्या चांदीला शुद्धतेबद्दल असलेली ख्यातीही अशीच, कोणा एका दुकानाची नसून गावाची आहे. अशा नावाचा मालक कोण? न्यायाने पाहता, ते जपणारे सर्वच. भौगोलिक निर्देशांकाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अंमलात आला, तो याच विचाराला दप्तरी स्वरूप देतो: नोंदणी उत्पादकांच्या संस्थेच्या नावे होते, गुणवत्तेच्या अटी आणि प्रदेशाची हद्द ठरते, आणि प्रत्येक उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव दाखल करता येते. सोलापुरी चादर आणि पैठणी ही त्याची महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे आहेत. इटलीतील पार्मा-रेजिओ भागातील चीज करणाऱ्यांनी १९३४ साली आपला संघ स्थापिला; प्रत्येक जण आपले चीज आपणच करतो आणि विकतो, पण ठरलेल्या परीक्षेस उतरल्याविना त्यावर संघाचा छाप पडत नाही. नोंदणीचा दाखला भिंतीवर लावणे हे काम सोपे आहे. हलका माल काढणाऱ्या स्वतःच्या सभासदाला छाप नाकारणे हे कठीण, आणि नावाचे भवितव्य त्या कठीण कामावर अवलंबून असते.

दूरच्या बाजारासाठी एकत्र येण्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण द्राक्षांचे. युरोपात माल पाठविताना एकेकट्या बागाईतदाराला ना पूर्वशीतकरणाची सोय परवडे, ना परदेशी ग्राहकाच्या गुणवत्तेच्या अटी पुऱ्या करता येत. म्हणून १९९१ साली द्राक्षउत्पादकांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स' या नावाखाली एकत्र आल्या आणि तपासणी, बांधणी व विक्री एका सूत्राने करू लागल्या. नाशिक, सांगली येथील बागा एकमेकींच्या प्रतिस्पर्धीच राहिल्या; लंडनच्या बाजारात मात्र त्यांनी एका नावाने पाऊल टाकले. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांना आणि लहान डाळ-तेल उद्योजकांना या अनुभवातून घेता येण्यासारखे पुष्कळ आहे. विशेषतः हे, की स्थानिक बाजारात स्पर्धा आणि दूरच्या बाजारात एकजूट, या दोन गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

मोठ्या संस्थांविनाही रोजच्या व्यवहारात होऊ शकणारे सहकार्य थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांस परिचित आहे. एकाच गल्लीतील किराणा दुकानदारांनी मिळून घाऊक मालाची मागणी नोंदविली तर भाड्यात आणि भावात बचत होते. मोठ्या समारंभाचे काम एकट्यास न झेपणाऱ्या आचाऱ्याने ते अर्धे दुसऱ्याकडे देणे, आपल्याकडे नसलेला सुटा भाग शेजाऱ्याकडे मिळेल असे गिऱ्हाइकास सांगणे, यात्रेच्या गर्दीत जागा संपलेल्या लॉजवाल्याने यात्रेकरूस पुढचा पत्ता देणे, ही साधी सौजन्ये हिशेबाच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहेत. रिकाम्या हाती परत गेलेले गिऱ्हाईक पुढच्या खेपेस दुसऱ्या गावी जाते. आणि व्यापाऱ्यांची भिशी तर प्रत्येक पेठेत आहे. दरमहा ठरलेली रक्कम घालणारे सभासद बहुधा एकाच धंद्यातले असतात. दिवसभर ज्याच्याशी गिऱ्हाइकासाठी चढाओढ चालते त्याच्याच हाती संध्याकाळी आपली बचत विश्वासाने दिली जाते.

आता कायद्याची हद्द. ॲडम स्मिथने १७७६ सालीच सावध केले होते की, एका धंद्याचे लोक करमणुकीसाठी जरी एकत्र जमले, तरी बोलणे पुष्कळदा भाव चढविण्याच्या मसलतीवर येऊन थांबते. आपल्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचे तिसरे कलम, जे २००९ पासून अंमलात आले, भाव ठरविणे, पुरवठा रोखणे, बाजाराची वाटणी करणे आणि निविदेत संगनमत करणे यांस घातक मानते. मात्र कार्यक्षमता वाढविणाऱ्या संयुक्त उपक्रमांना त्याच कलमाने सूट दिली आहे. हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांना लागू आहे, असा समज चुकीचा आहे. नव्या घाऊक विक्रेत्याने आमच्या संघटनेचा ना-हरकत दाखला घेतल्यावाचून औषधे विकू नयेत, असा आग्रह धरणाऱ्या औषध विक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध स्पर्धा आयोगाने निर्णय दिले आहेत, आणि त्या संघटनांचे सभासद गल्लीतले दुकानदारच होते. सहस्र पणांचा दंड सांगणाऱ्या कौटिल्याने जो भेद केला, तोच आजचा कायदा निराळ्या शब्दांत करतो.

या साऱ्या अनुभवावरून, एकत्र येऊ इच्छिणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी काही नियम निघतात. पहिला असा की, आरंभ लहान आणि मोजता येईल अशा कामापासून करावा. एका हंगामाची एकत्रित खरेदी किंवा एक सामाईक वजनकाटा यशस्वी झाला की पुढचे पाऊल आपोआप धीट होते. दुसरा, करारनामा संबंध गोडीचे असतानाच लिहावा, आणि त्यात पाळी, दुरुस्ती, घसारा व बाहेर पडू इच्छिणाऱ्याच्या हिश्शाचा निकाल यांची कलमे असावीत. तिसरा, भांडवल कमीजास्त असले तरी मत प्रत्येकाचे एकच असावे, नाहीतर सामाईक संस्था लवकरच सर्वांत मोठ्या सभासदाची खासगी संस्था बनते. चौथा, हिशेबाची वही कोणाही सभासदास कोणत्याही दिवशी पाहता यावी. पाचवा, विक्रीचा भाव, गिऱ्हाइकांची यादी आणि कारागिराचे खास कसब या गोष्टी बैठकीच्या बाहेरच राहाव्यात. त्या ज्याच्या त्याच्या दुकानाच्या आहेत. आणि सहावा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा की, ज्याच्या पैशावर हा सारा डोलारा उभा आहे त्या गिऱ्हाइकाला किंवा शेतकऱ्याला बैठकीत एक जागा द्यावी. वऱ्हाडच्या बाजार समित्यांत ती जागा वेळेवर दिली असती, तर पुढील कित्येक तक्रारी उद्भवल्याच नसत्या.

आपल्या लहान व्यावसायिकासमोर आज जी संकटे आहेत, म्हणजे दूरच्या भांडवलाची स्पर्धा, घरपोच माल पाठविणाऱ्या मोठ्या कंपन्या, महाग कर्ज आणि क्षणोक्षणी बदलणारे भाव, त्यांपैकी एकही संकट शेजारच्या दुकानातून येत नाही. तरीही त्याची बरीचशी शक्ती शेजाऱ्याची पाटी पाहण्यात खर्च होते, याचे मला मनापासून दुःख वाटते. शेजाऱ्याचे दुकान बंद पडले तर त्याचे काही गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, हा हिशेब आठवड्याचा आहे. वर्षाचा हिशेब असा की, दुकाने एकामागून एक बंद पडली म्हणजे ती गल्ली पेठ राहत नाही, आणि मग शेवटच्या उघड्या दुकानाची पायरी चढण्यासाठीही परगावचे गिऱ्हाईक येत नाही. खामगावच्या सराफ्यात दोन पायऱ्यांच्या मधून जी येरझार चालते, तिच्यात प्रत्येक दुकानदाराचा थोडा तोटा आहे आणि साऱ्या पेठेचे आयुष्य आहे. तो थोडा तोटा समजून-उमजून सोसणे, आणि त्याच्या मोबदल्यात माप, नाव, वखार आणि पत ही सर्वांनी मिळून राखणे, यालाच प्रतिस्पर्ध्यांचे सहकार्य म्हणावे.